आतल्या माणसाची थाळी

अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी लेथवर उभा राहून तीस वर्षं काढली, तिथे कँटीनबाबत आमचा एक नियम होता. उसळीचा वास जरा वेगळा आला, की आधी कंत्राटदार काय जेवतोय ते बघायचं. तो आपलीच उसळ ओरपत असेल तर थाळी घ्यायची. त्याने घरचा डबा उघडला असेल तर गेटबाहेरचा वडापाव.

रिटायर झाल्यावर हाच नियम मी एका बँकेच्या शेअरला लावला. बँकेतल्या बड्या माणसांनी आपल्याच बँकेचे शेअर घेतले-विकले, की ते बाजाराला कळवावं लागतं आणि आपल्याला मोबाइलवर दिसतं. एका सकाळी दिसलं, मोठ्या साहेबाने ढीगभर शेअर घेतलेत. मी हरखलोच.

आम्ही मांजर्लीत तळमजल्यावर राहतो. नदी दोनदा घरात येऊन गेली आहे. हा फ्लॅट विकायचा, वर फिक्स डिपॉझिट घालायचं आणि पावसाच्या आत त्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर जायचं, एवढंच बायकोचं मागणं. मला ते डिपॉझिट मोडून हे शेअर घ्यायची हुक्की आली.

"साहेब स्वतःच्या कँटीनमध्ये जेवतोय," मी मोबाइल तिच्यापुढे धरला. "आतल्या माणसाला कळवावंच लागतं, म्हणून आपल्याला दिसतं."

तिने उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात वीस वर्षं माल तपासलाय. शिवण उलटून बघायची सवय अजून जात नाही. चष्मा लावून ती वाचत खाली गेली.

"हे बाजारातून घेतलेले नाहीत. नोकरीतल्या योजनेतून मिळालेत, जुन्या स्वस्त भावात. कंत्राटदार कधी थाळीचे पैसे देतो का? आणि हे बघा, त्याच आठवड्यात अर्धे विकलेत."

"मुलीचं लग्न असेल. विकायला माणसाला छप्पन कारणं असतात."

"असू देत. खिशातले घालून घेईल तेव्हा मला सांगा."

डिपॉझिट वाचलं. मी दोन दिवस फुगून बसलो.

रविवारी आमचा फ्लॅट बघायला एक तरुण जोडपं आलं. मी सुटलोच: वारा काय, शेजार काय, दारात रिक्षा काय. नवऱ्याने विचारलं, "मग काका, विकताय कशाला?"

"गुडघे रे बाबा," मी कण्हत म्हणालो.

"आणि काकू, राहायला कुठे जाणार?" त्याच्या बायकोने विचारलं.

"इथेच. तिसऱ्या मजल्यावर."

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दोघांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग कंबरेपर्यंतच ताजा रंग मारलेल्या भिंतीकडे. चहा अर्धा ठेवून ते निघाले.

"कशाला बोललीस? तुझंच घर अडलं ना?" मी वैतागलो.

"आतल्या माणसाने कळवायचं असतं, तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली आणि कप उचलायला वाकली. डोळे भरलेले मला दिसू नयेत म्हणून. माझी मलाच लाज वाटली.

मे संपता संपता आम्ही फ्रिज पुन्हा विटांवर चढवला. दुसरी बाजू तिने धरली होती.