विझायला हवा असलेला बल्ब

नव्वदच्या दशकात बडोद्यात ज्याला त्याला कारखाना काढायची सुरसुरी आली होती. माझ्या तर अंगात वारंच शिरलं. चांगली नोकरी सोडून मी बडोद्यालगतच्या छाणीतल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये पॅनल बनवायला घेतलं, मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारं. शेड सासूबाईंची. त्यांना तिथे भाडेकरू ठेवायचा होता. "एक पॅनल करून बघ. नाही चाललं तर शेड रिकामी," एवढंच त्या म्हणाल्या. आणि त्या एकदा बोलल्या की बोलल्या.

पहिल्या पॅनलला वीज द्यायच्या सकाळी पादऱ्याहून शेठ स्कूटरवर आले. पॅनल त्यांच्याच प्लास्टिकच्या कारखान्यासाठी होतं. सासूबाई नारळ, हळदकुंकू घेऊन हजर. नारळ पॅनलवर फोडायला निघाल्या, तर मी त्यांना उंबऱ्याशी पिटाळलं. कुंकवाचं बोट मात्र लावू दिलं, नाहीतर माझी खैर नव्हती.

नव्या पॅनलला एकदम पूर्ण वीज देत नाहीत. आत चूक राहिली असेल तर सगळं जळून खाक. म्हणून विजेच्या वाटेत एक मोठा बल्ब जोडायचा. आतले वीज साठवणारे कपॅसिटर भरेपर्यंत तो भक्कन पेटतो, भरले की विझतो. पेटलेलाच राहिला तर समजावं, आत घोटाळा आहे. मी डावा हात पाठीशी, पदराखाली दाबून धरला. झटका बसलाच तर तो या हातातून त्या हातात, छातीतून जाऊ नये म्हणून. आणि उजव्या हाताने खटका दाबला.

बल्ब लखकन पेटला. सासूबाईंनी हात जोडले. माझा जीव त्या तारेत अडकलेला. विझ रे बाबा, विझ! आणि तो मंदावत मंदावत पार विझला. आता नाचावं की काय असं मला झालं, तेवढ्यात सासूबाई पुढे सरसावल्या. पूजा चाललेली असताना दिवा जाणं त्यांच्या मनाला कसं सोसावं? बल्ब ढिला असेल, पिळून बघावा, म्हणून त्यांनी हात घातला. शेजारीच उघड्या तारा होत्या.

"आई, हात मागे!"

लग्न झाल्यापासून त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तो नेमका परक्या माणसासमोर चढला. त्या थिजल्या. वीज बंद करून मी त्यांना सगळं समजावलं. कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री केली, मग बल्ब काढला, पूर्ण वीज दिली आणि बटण फिरवलं. मोटर जात्यासारखी सावकाश फिरू लागली, मग वेग घेत सुसाट सुटली. शेठ हसत होते. मी तर हवेतच होते. सासूबाई मात्र घरात निघून गेल्या आणि शेडचा विषय त्यांनी काढलाच नाही. विचारायची माझीही छाती होईना.

पादऱ्याला पॅनल बसवायला निघाले तेव्हा त्या न बोलावता बरोबर आल्या. तिथेही आधी बल्ब जोडला. पेटला, मंदावला. शेठाणी घाबरून पुढे झाल्या, तशी सासूबाईंनी त्यांना अडवलं आणि फर्ड्या गुजरातीत सांगितलं की बेन, हा विझायलाच हवा, तुम्ही हात मागे घ्या. त्यांचा स्वतःचा डावा हात पाठीशी, पदराखाली होता.

बल्ब विझला. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "शेड मागणाऱ्या त्या भाडेकरूला मी केव्हाच 'नाही' म्हणून सांगितलंय."