अण्णा आणि मॉनिटरचा मान

हिर्डोशीच्या शाळेत रुजू झालो त्या संध्याकाळी शेजारच्या कोंडिबाअण्णांनी मला चहाला बोलावलं आणि 'बसा' म्हणायच्या आधी माझं वय विचारलं. ओसरीवर एक वायरमन आधीच येऊन बसला होता. मी त्याच्याहून थोडासाच थोरला निघालो, म्हणून पहिला कप माझ्या हातात आला आणि तो बिचारा माझ्या कपाकडे बघत राहिला. "राग नगा धरू," अण्णा त्याला म्हणाले, "पर मान चुकवायचा न्हाई."

अण्णांचं सगळं जगणंच या मानपानावर चालायचं. सकाळी वैरण आधी म्हाताऱ्या गाईला, मग बैलांना, मग शेरडांना. एखादं करडू मधेच घुसलं तर त्याला कान धरून मागे नेत आणि वर समजूतही घालत. आता माझी बदली झाली आहे, पण घरी चहा ओतताना अजूनही मी नकळत कुणाचं वय किती याचा अंदाज घेतो. बायको वैतागते.

त्यांचा मुलगा सुनील लग्नांचे व्हिडिओ तयार करायचा. नाशिकला गेल्यावर त्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना घरी ठेवला. दर रविवारी माझ्या मोबाईलचं नेट जोडून मी त्यावर त्याचा कॉल लावून द्यायचो. हे सगळं त्याच्या आईसाठी, हिराकाकूंसाठी. त्यांची नजर अधू झाली होती. मोबाईलवर त्यांना नुसता उजेड दिसे, पण मॉनिटरवर लेकाची दाढी वाढलेली त्या बरोबर ओळखत आणि त्याला झापत.

सुनीलला मुलगा झाला. बारसं सुनेच्या माहेरी, नाशिकलाच. काकूंच्या गुडघ्यांना एसटीचा प्रवास झेपणारा नव्हता, तेव्हा नातू कॉम्प्युटरवरच बघायचा असं ठरलं. बारसं नेमकं बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आलं.

बेंदराला अण्णा बैलांची दावी सोडून त्यांना न्हाऊ घालत, पुरणपोळी चारत. त्या वर्षी त्यांनी कॉम्प्युटरच्याही सगळ्या वायरी काढल्या. वर्षभर राबतोय, एक दिवस त्यालाही मोकळं राहू दे, असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावलं, पुढे पोळीचा घास ठेवला. दुसऱ्या दिवशी वायरी त्यांनी स्वतःच परत जोडल्या. बाकीच्या आपापल्या जागी बसल्या, कारण त्या दुसरीकडे बसतच नव्हत्या. मॉनिटरची वायर मात्र डब्याच्या मागे दोन ठिकाणी बसत होती, एक वर आणि एक खाली. मॉनिटर सगळ्यांत थोरला, म्हणून अण्णांनी त्याला वरची जागा दिली.

मी पोचलो तेव्हा डबा घुंई करत होता, दिवे लागले होते आणि मॉनिटर काळाकुट्ट. काकू नवं लुगडं नेसून टेबलाशी जमिनीवर बसल्या होत्या. मी दिसेल ती वायर हलवून पाहिली, शेवटी सुनीलला फोन लावून स्पीकरवर टाकला. मागे बायकांची पाळण्याची गाणी सुरूही झाली होती. मॉनिटरची वायर खाली लावा, तो म्हणाला.

अण्णा आडवे आले. थोरल्याला खाली बांधायचं त्यांना मुळीच पटेना. सुनीलने शांतपणे समजावलं, "अण्णा, मदरबोर्डला, म्हंजे डब्यातल्या थोरल्या पाटीला, सोत्ताला चित्र दावता येतं. वरची जागा त्येची. पर म्या खाली येगळं कार्ड बसिवलंय. ते हाय तवर चित्राचं काम त्येच्याकडं. वरनं कायबी येनार न्हाई."

अण्णांनी वाकून दोन्ही जागा निरखल्या. "म्हंजे थोरल्यानं कारभार धाकट्याच्या हातात दिला?"

"व्हय."

"मंग तसं सांगायचं की आदी."

त्यांनी डब्याला हात जोडले, वायर उपसली आणि खाली लावली. मॉनिटर उजळला. मी घाईघाईने कॉल जोडला आणि पडद्यावर पाळणा दिसला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

मॉनिटरसमोर एकच खुर्ची होती आणि दर रविवारी तिच्यात अण्णा बसत, काकू मागे उभ्या राहत. त्या दिवशी अण्णांनी काकूंना हाताला धरून उठवलं. "तू बस. आज कारभार तुजा." काकू लाजल्या, नको नको म्हणाल्या आणि बसल्या. अण्णा खाली जमिनीवर टेकले.

काकूंनी पडद्याला नाक लावून बाळाला न्याहाळलं, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. खालून अण्णांना टेबलाच्या फळीशिवाय काही दिसत नव्हतं. न राहवून त्यांनी विचारलं, "कसा हाय गं त्यो?"

काकूंनी मान वळवली नाही. "थांबा वाईच. आदी माजं बघून हुं द्या."

आणि अण्णा मुकाट्याने थांबले.