फटफटीमागचं ओझं

लांजीच्या बाजारात मी कपड्यांचे गठ्ठे सोडत होतो, तेव्हा बालाघाटहून आलेल्या बसच्या कंडक्टरनं मला गाठलं. "भाऊ, घरी चला. तुमच्या वहिनी गेल्या," एवढंच तो म्हणाला. ताप होता, पण उठून बसत होती, बोलत होती... अशी कशी गेली? सोडलेले गठ्ठे पुन्हा फटफटीवर चढवले आणि निघालो. रस्ताभर काय विचार केला ते आज आठवत नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. कमलवहिनीबद्दल लिहायचं तर आधी दादाबद्दल आणि या फटफटीबद्दल सांगावं लागेल.

वामनदादा माझा थोरला भाऊ. मँगनीजच्या खाणीत कारकून होता, पण त्याचं चित्त सदा रस्त्यावर. लग्नानंतर दोनेक वर्षांनी त्यानं जुनी, दणकट फटफटी विकत घेतली आणि वहिनीला म्हणाला, आपण अमरकंटकला जाऊ, नर्मदा जिथून निघते ते पाहू. मग पुढं कुठं कुठं जायचं हे दोघं जेवताना ठरवत बसायचे. अडचण सामानाची होती. स्टोव्ह, वळकटी, पत्र्याची पेटी, हे सगळं बांधायचं कुठं? अशा गाडीला मागं लावायचं कॅरिअर तेव्हा आमच्याकडं तयार मिळत नसे. ते बनवायचं वहिनीनं मनावर घेतलं. बालाघाटला बांबूला काय तोटा! अंगणात बसून तिनं बांबूच्या कामट्या सुतळीनं बांधून सांगाडा केला, तो गाडीच्या मागच्या मडगार्डवर ठेवून पाहिला, सोडला, पुन्हा बांधला. तो जमला की मिस्त्रीकडून तसाच लोखंडी नळीचा करून घ्यायचा होता. पहिल्या सांगाड्यावर वळकटी ठेवली तर ती मागं बसलेल्या वहिनीच्या पाठीत रुतायची.

"मांगं घे ना थोडं," दादा म्हणाला. "अमरकंटकपर्यंत पाठ टोचून घेशीन का?"

"लय मांगं जाते ना मंग."

"जाऊ दे. गाडी मजबूत हाये."

तिनं सांगाडा वीतभर मागं सरकवला आणि मिस्त्रीनं तसाच जोडून दिला. काळा रंग दिलेलं ते कॅरिअर शेजारपाजारचे लोक येऊन पाहून गेले. दादा प्रत्येकाला सांगायचा, "हे आमच्या घरच्या इंजिनिअरनं बनवलं!" वहिनी लाजून आत पळायची.

दिवाळी झाल्यावर दोघं निघाले. बैहरच्या घाटातल्या एका वळणावर गाडी पडली. दादा जागीच गेला. वहिनी गवतात फेकली गेली, मनगट मोडलं, जीव वाचला. लोक म्हणाले खडी होती. कुणी म्हणालं, जनावर आडवं आलं असेल.  वहिनीला विचारलं तरी ती भिंतीकडं पाहत राहायची, आणि पुढं आम्हीही विचारणं सोडलं.

गाडी पडवीत गोणपाटाखाली पडून राहिली. कॅरिअर मात्र मायनं, म्हणजे आमच्या आईनं, सोडवून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत ठोकलं. "चांगलं लोखंड हाये, वाया काहून घालवायचं?" त्यावर पितळेचे गंज आणि गडवे मांडले. मायच्या मनात काही नव्हतं. पण वहिनी रोज पहाटे त्याच लोखंडावरून गडवा उचलायची आणि घासून त्याच लोखंडावर ठेवायची. एखादं भांडं नुसतं खणखणलं तरी तिचे हात पिठात तसेच थांबायचे... बराच वेळ. आम्हाला वाटायचं, तिला दादाची आठवण येते.

काही वर्षांनी मी कपड्याचा धंदा धरला. लालबर्रा, खैरलांजी, लांजी, असे बाजार करायचे तर गाडी हवी. मी फटफटी दुरुस्त करून घेतली आणि एका दुपारी भिंतीतलं कॅरिअर काढायला पाना घेऊन आत गेलो. वहिनी भाजी चिरत होती. ती उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"हे नका लावू, भाऊजी."

"काहून?"

"वळणाच्या आधी ते म्हणले, कमल, हँडल हालून राह्यलं. मी म्हटलं, हळू घ्या... ओझं मांगं होतं, भाऊजी, पुढचं चाक हलकं पडलं. मांगं मीच घेतलं होतं."

इतकी वर्षं हे वाक्य तिनं एकटीनं सांभाळलं होतं. मी म्हणालो, दादानंच तर सांगितलं होतं. ती म्हणाली, "सांगितलं त्यायनं. बांधलं कोनं?" कॅरिअर काढून भंगारात देतो म्हणालो, तेही तिनं ऐकलं नाही. "राहू द्या. मायले काय सांगान?"

दुसऱ्या दिवशी तिनं बांबू मागवला. तिला नवं कॅरिअर करायचं होतं, ओझं मागच्या चाकाच्या पुढं आणि खाली राहील असं. दोन्ही बाजूंना दोन चौकटी, चाकाला लागून, त्यात गठ्ठे उभे बसतील. चौकटीत धानाची पोती बांधून ती मला अंगणात गाडी फिरवायला लावायची आणि नजर पुढच्या चाकावर ठेवायची. चौकटी आणखी पुढं, आणखी पुढं. मिस्त्री वैतागला. "बहनजी, और आगे लेंगे तो पीछे बैठनेवाला पैर कहाँ रखेगा?"

"होने दो तकलीफ बैठनेवाले को," वहिनी म्हणाली.

नवं कॅरिअर लागलं तेव्हा तिनं पूर्ण ओझं बांधायला लावलं आणि म्हणाली, "घाटात चला. मी मांगं बसतो." माय रडली, मीही नाही म्हणालो, पण ती पदर खोचून बसलीच. घाट लागला तसे तिचे हात माझ्या खांद्यांवर घट्ट झाले. ते वळण तिनं न सांगताच मला कळलं, कारण तिचा श्वास थांबला होता. गाडी झुकली, वळली आणि सरळ झाली. हँडल दगडासारखं स्थिर होतं. पुढं सपाटीला गाडी थांबवून मी ओरडलोच, "वहिनी, हललं नाही! जरासुद्धा नाही!"

ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला खाली बसली. वाटलं, आनंदानं रडते आहे.

"नाही हाललं," ती म्हणाली. "म्हणजे तवा मांगच्या ओझ्यानंच हाललं होतं."

मी हातातली किल्ली चाचपत उभा राहिलो. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दोष आपलाच म्हणतानाही खडी, जनावर, नशीब, काही ना काही ती इतकी वर्षं धरून होती. आता तेही हातून सुटलं, आणि ते तिनं स्वतःच्याच हातांनी सोडवलं होतं.

तरी तिनं काम टाकलं नाही. बाजारात माझी गाडी पाहून लोक विचारायचे. लस टोचणारे, बांगड्यांचे व्यापारी, बायकोला माहेरी नेणारे नवे जावई. वहिनी प्रत्येकाची गाडी अंगणात उभी करून बांबू बांधायची. सांगाडा मागं घ्या म्हणणाऱ्याला ती सरळ परत पाठवायची. पुढं कधी ती माणसं भेटली की विचारायची, "हालते का?" ते हसून म्हणायचे, "नाही बाई, एकदम पक्कं." ती मान डोलवायची आणि आत जायची. त्यांना वाटायचं, बाईला कौतुक आवडत नाही.

वहिनीची तेरवी झाल्यावर मी पुन्हा बाजार धरला. दोन्ही चौकटींत गठ्ठे असतात, मागं कुणी नसतं. लांजीचा रस्ता काही ठिकाणी फार खराब आहे, तिथं मी मुद्दाम वेग कमी करत नाही. खड्डे येतात, गाडी उडते, हँडल हातात गप्प राहतं. एकदा तरी हलावं, असं वाटतं. इतकं नीट, इतकं पुढं बांधलेलं असतानाही, काही कारण नसताना, एकदाच... पण ते हलत नाही.