शाळेच्या गेटवरचा कागद

मला कन्नड वाचता येतं. हे आधीच कबूल करतो, कारण ‘मला त्यातलं एक अक्षर कळत नाही’ असं मी चौकात छाती काढून सांगत आलो, आणि त्यापायी शाळेतल्या पोरांच्या पोटाचे हाल झाले.

सीमाभागातल्या वडगावात आमच्या घरात दोन पॉवरलूम आहेत. सुताची बिलं कन्नडमध्ये येतात, ती मी वाचतो. बसच्या पाट्या वाचतो. वीज गेली की फोनवर कन्नडमध्ये भांडतो, तेही चांगलं. पण गल्लीतल्या मराठी शाळेच्या समितीचा अध्यक्ष झालो आणि मला एकाएकी कन्नड येईनासं झालं. अध्यक्ष तरी कसा, तर बाकीचे बैठकीला आले नव्हते म्हणून.

त्या सकाळी गेटवर कागद चिकटवलेला होता. आरोग्य खात्याचा माणूस लावून गेला होता. मोठ्या बाई ट्रेनिंगला गेल्या होत्या. पोरांना सोडायला आलेले पालक घोळक्यानं उभे होते.

“अध्यक्ष, काय लिवलंय ओ?” एकानं विचारलं.

पहिली ओळ माझ्या डोळ्यांनी वाचूनही टाकली होती : शाळेच्या पाण्याचा तपासणी अहवाल. आणखी दोन ओळी खाली उतरलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण सगळ्यांसमोर घडाघडा वाचलं तर चौकातली इज्जत गेली!

“मला काय कळतंय?” मी आवाज चढवला. “मराठी शाळेत मराठीतनं माहिती मिळणं हा आमचा हक्क आहे! आधी मराठीत आणा, मग लावा!”

ते वाक्य आजही खरं आहे, म्हणूनच जास्त टोचतं. कागद टरकन ओढला तेव्हा त्याचा एक कोपरा गेटलाच राहिला. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मी कागदाची घडी करून स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि हिरो होऊन घरी आलो.

बायकोनं फोटो पाहिला. “पण त्यात लिहिलंय काय?”

“मराठीत आलं की कळंल.”

मी मराठी प्रतीसाठी अर्ज दिला. शाळेतल्या मास्तरांनी भाषेचा वाद नको म्हणून कागदात काय होतं ते विचारलं नाही. पोरं टाकीचं पाणी पीत राहिली.

आठवडा सरायच्या आत जुलाब सुरू झाले. समोरच्या घरातल्या आक्काच्या पोरीला सलाईन लावावं लागलं. आक्का आमच्या मागांसाठी चाकावर सुताच्या कांड्या भरते. तिच्या घरात कन्नड बोलतात. शाळा जवळ म्हणून पोरगी मराठी शाळेत. दवाखान्यात त्यांना मीच स्कूटरवरून नेलं. पाण्याची बाटली काढायला डिकी उघडली तर तो कागद. या वेळी मी तो शेवटपर्यंत वाचला. पाणी पिण्यास योग्य नाही, टाकी धुऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत वापरू नये.

मास्तरांना फोन करून नळ बंद करायला लावले. घरी येऊन बायकोला सांगितलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तुमचा अभिमान राहिला ताठ, जुलाब झाले पोरांना.”

पोरगी घरी आल्यावर मी आक्काकडे गेलो. ती कांड्या भरत होती. मी सगळं सांगितलं आणि शेवटी अवसान आणून म्हणालो, “माझं चुकलं आक्का, पण मुद्दा तसा बरोबरच...”

“कन्नडच होतं न्हवं ते?” तिनं चाक थांबवलं. “मला येतंय की अण्णा वाचायला. तसाच ठेवला असता तर पोरीला मी घरातनं पाणी दिलं असतं.”

मी खिशातून तो कागद काढून तिच्यापुढं धरला.

“फाडलासा कुठं?”

“गेटवर.”

“मग हितं माझ्या कानात कशाला सांगतासा? तिकडं सांगा.” आणि चाक पुन्हा फिरू लागलं.

टाकी धुतली, दुसरा अहवाल चांगला आला. शाळा भरायच्या वेळी मी गेटवर दोन्ही कागद लावले. जुना चिकटपट्टीनं जोडलेला, नवा त्याच्या शेजारी, आणि दोन्हींखाली माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात मराठी. मग घोळक्याकडे तोंड करून आधी कन्नडमध्ये बोललो.

“आयला, अध्यक्षास्नी कन्नड येतंय की रं!” मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. आक्का तेवढी हसली नाही. पोरीचा हात धरून ती उभी होती.

हसू ओसरेपर्यंत थांबलो आणि तेच मराठीत सांगितलं.

“हा कागद मला वाचता येत होता. मी वाचला न्हाय, आणि तुम्हालाबी वाचू दिला न्हाय. आक्का, तुमची, तुमच्या पोरीची आणि हितल्या सगळ्यांची मी माफी मागतो.”