गुलमर्ग, स्नोबोर्ड आणि सासूबाईंची एक अट

गुलमर्गला जायचं मूळ ठरवलं होतं संदीप आणि वैशूने. संदीप माझा नवरा, वैशू त्याची धाकटी बहीण. दोघं बहीण-भाऊ दोन वर्षं फोनवर स्नोबोर्डिंगचे व्हिडिओ बघत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. स्कीइंगला दोन पट्ट्या असतात आणि स्नोबोर्डला एकच फळी, दोन्ही पाय तिच्यावर बांधलेले, इतपत माहिती झाली होती. गेल्या वर्षी संदीप अंधेरीच्या ऑफिसात हार्ट अटॅकने गेला. वर्षश्राद्ध झाल्यावर वैशू एका रविवारी कांदिवलीला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, मी जाणार आहे. फेब्रुवारीत. तू येशील का?"

मी म्हटलं, "आईंना विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाली, एकटीला सोडणार नाही."

वैशू अडतीस वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही, मुलुंडला आईंजवळ राहते. आई मूळच्या कुडाळच्या, चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी घरात मालवणीच बोलतात. मी मुलुंडला त्यांना भेटायला गेले तेव्हा वैशू गच्चीवर प्लास्टिकच्या जाड पाइपवर फळी ठेवून तोल सांभाळायचा सराव करत होती. खालच्या मजल्यावरचे काका पेपर बाजूला ठेवून बघत होते. "वैशाली, सर्कशीत लागलीस काय गं?" असं त्यांनी विचारलं. वैशू म्हणाली, "हो काका, पास देईन तुम्हाला."

आई खाली भाजी निवडत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, "जावा तुमी. पण काय झाला तर माका खरा सांगायचा. तेवाच."

ही अट कुठून आली ते मला समजलं. संदीप गेला त्या दिवशी नातेवाइकांनी आईंना फोनवर सांगितलं की त्याला जरा बरं नाही, ॲडमिट केलंय. आपल्याकडे असंच करतात, म्हाताऱ्या माणसाला वाटेत काही होऊ नये म्हणून. गाडीत बसवून त्यांना कांदिवलीला आणलं. इमारतीच्या जिन्यापाशी चपलांचा ढीग दिसला आणि त्यांना कळलं. नंतर तेराव्या दिवसापर्यंत त्या एकच वाक्य बोलत होत्या, "माका खोटा सांगून हाडलात," खोटं सांगून आणलंत.

मी त्यांना शब्द दिला.

तयारीबद्दल थोडं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणी जाणार असेल. मुंबईच्या माणसाकडे थंडीचे कपडे नसतात, आणि असतात ते महाबळेश्वरचे. ते तिथे चालत नाहीत. आम्ही आतले गरम कपडे विकत घेतले आणि वरचं वॉटरप्रूफ जॅकेट, पँट तिथे भाड्याने घेतली. बोर्ड आणि बूटही तिथेच मिळतात. बूट घालून पाच मिनिटं चालून बघा, घोट्याला घट्ट हवेत पण बोटं हलली पाहिजेत. मनगटाची पट्टी घरून न्या. स्नोबोर्डवर माणूस पडतो तो हातावर. गोंडोला म्हणजे तिथली केबल कार, तिची तिकिटं आधी ऑनलाइन काढा.

वैशूची यादी तीन पानांची होती. तीत एक गोष्ट राहिली, ती श्रीनगर विमानतळावर कळली. दोघींच्या फोनला रेंज नव्हती.

ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, प्रीपेड है? बाहर का प्रीपेड यहाँ नहीं चलता. पोस्टपेड चाहिए."

वैशू म्हणाली, "झालं. वाट लागली."

घरात पोस्टपेड एकच नंबर होता, संदीपचा. बँकेची, विम्याची कामं अजून त्याच नंबरवर येतात, म्हणून मी तो चालू ठेवला आहे आणि फोन पर्समध्ये असतो. वैशूने माझ्या पर्सकडे बघितलं, मीही बघितलं.  आईंच्या साध्या बटणांच्या फोनमध्ये त्या नंबरला 'संदीप' नाव आहे. स्क्रीनवर ते नाव उमटलं तर त्यांना काय होईल, हा विचार दोघींच्या मनात एकदमच आला असणार.

श्रीनगरहून गुलमर्ग दोन-अडीच तास. टंगमर्गला थांबावं लागतं, बर्फ असेल तर पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. शेवटचा घाट वळणांचा आहे. मी सगळा वेळ पुढच्या सीटचा दांडा धरून होते. वैशू काचेला नाक लावून बसली होती.

हॉटेलात वायफाय होतं. पहिल्या संध्याकाळी आम्ही शेजारच्या सावंतकाकूंना व्हॉट्सॲपवर फोन केला, त्यांनी आपला फोन आईंकडे नेऊन दिला.

"बर्फ बघलंस?" आईंनी विचारलं.

"बघितला गं. पांढरा आहे," वैशू म्हणाली.

"मेल्ये, ता माका म्हायत आसा."

असं निभावलं. रोज दिवेलागणीला फोन करायचा असं ठरलं.

दुसरा दिवस खालच्या सोप्या उतारावर. शिकवणारा इम्तियाज नावाचा तिशीतला माणूस होता. बोर्ड, बूट आणि शिकवणारा मिळून दिवसाचे साधारण चार हजार, घासाघीस करायची ती आधीच करा. वैशू सकाळभर पडत होती. पुढे पडली, मागे पडली, उभी राहायच्या आधी पडली. बाजूला बोरिवलीचं एक कुटुंब स्लेजची, म्हणजे बर्फावरून ओढायच्या लाकडी गाडीची, वाट बघत होतं. त्यातल्या बाईने मोटारीची काच खाली करून नवऱ्याला विचारलं, "अहो, ही घसरतेय की बसतेय?" तो म्हणाला, "तू बोलू नकोस, तू तर अजून गाडीतून उतरली नाहीस." वैशूने ते ऐकलं आणि बर्फात पडल्या पडल्या हसली. वर्षभरात मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. दुपारपर्यंत तिला थांबता यायला लागलं आणि संध्याकाळच्या फोनवर तिने आईंना सांगितलं, आता वर डोंगरावर जाणार.

तिसऱ्या दिवशी इम्तियाज म्हणाला की गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, लांब आणि रुंद उतार आहे, तिथे जाऊ. मी खाली राहिले. उंचीवर मला आदल्या दिवसापासून डोकं जड वाटत होतं. तिथे जाणाऱ्यांनी पहिला दिवस नुसता आराम करावा, पाणी पीत राहावं. आम्ही ते केलं नव्हतं.

दुपारी हवा बदलली. आधी वरची शिखरं दिसेनाशी झाली, मग देवदार, मग गोंडोलाचे खांब. वारा सुटला आणि केबल कार थांबवली. वाऱ्यात ती थांबवतातच. गर्दीत कोणी म्हणालं अर्ध्या तासात सुरू होईल, कोणी म्हणालं आज नाही. मी चहाच्या टपरीखाली उभी राहिले. हळूहळू लोक चालत खाली यायला लागले, काही स्कीवर, काही नुसते बुटांवर. येईल त्याला मी विचारत होते, निळं जॅकेट, बोर्डवाली बाई दिसली का. एक मुलगी म्हणाली, "आंटी, ऊपर कुछ दिखता ही नहीं है."

अंधार पडायला लागला तशी मी हॉटेलवर गेले, वैशू दुसऱ्या वाटेने तिथे पोचली असेल म्हणून. नव्हती. वीज गेलेली, वायफाय बंद. मॅनेजर भला माणूस होता, त्याने चौकशीला दोघांना वर पाठवलं आणि आपला फोन माझ्या हातात दिला, "घर पे बात कर लीजिए." मी आईंचा नंबर लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. मग आठवलं, अनोळखी नंबर उचलायचा नाही हे संदीपनेच त्यांना शिकवलं होतं. सावंतकाकूंचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, तो लावला, तर तो बंद होता.

पर्स मांडीवर घेऊन मी बसले. दोन गोष्टी होत्या. एक, त्या नंबरवरून फोन करायचा की नाही. दुसरी, केला तर काय सांगायचं. 'सगळं ठीक आहे आई, वैशू जेवतेय' एवढं म्हटलं की झालं असतं. तासाभरात ती आली असती तर ते खोटं कोणाला कळलंही नसतं. आणि आली नसती तर मीही त्यांना तसंच गाडीत बसवून आणल्यासारखं झालं असतं.

मी संदीपचा फोन काढला आणि लावला. एकाच रिंगमध्ये उचलला.

"बोल," आई म्हणाल्या.

 मी म्हटलं, "आई, मी नीता."

"समाजला. वैशू खाली इली?"

"नाही."

मागे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला. मी सगळं सांगितलं. धुकं आहे, केबल कार थांबलीय, दुपारपासून तिची खबर नाही, शोधायला माणसं गेलीत. एकही शब्द मऊ केला नाही. करता आला नाही.

"कोण आसा तिच्यावांगडा?"

"शिकवणारा आहे सोबत. इम्तियाज."

"तेका वाट म्हायत आसा?"

"तिथलाच आहे तो."

"तू काय खाल्लस?"

"नाही."

"फोन ठेवू नको."

मी ठेवला नाही. आम्ही दोघी फोन धरून बसलो. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, मध्ये एकदा कुकरची शिट्टी, एकदा खाली रस्त्यावरची रिक्षा. मधूनच त्या विचारायच्या, "आसस मां?" मी म्हणायचे, "आहे." बॅटरी कमी होत होती, मी ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "संपली तर संपली. तवसर ठेवू नको."

दारात बर्फ झटकल्याचा आवाज आला. आधी इम्तियाज आत आला, दोन्ही बोर्ड खांद्यावर घेऊन. मागून वैशू, डावा हात छातीशी धरलेला, ओठ पांढरे. धुक्यात पडून मनगट मुरगळलं होतं आणि ते खांबांच्या ओळीने चालत उतरले होते.

मी फोन तिच्यापुढे धरला. तिने तो कोणाचा आहे ते बघितलं, आणि कानाला लावला.

"आई."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. वैशू म्हणाली, "नाही गं, मोडला नाही. डावा. हो. हो. खाते." 

शेवटच्या सकाळी हात बांधून ती पुन्हा खालच्या उतारावर गेली. मी विरोध केला, इम्तियाजनेही केला. ती न पडता डावीकडे वळली, उजवीकडे वळली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मी तिचा व्हिडिओ घेतला आहे, थोडा हललेला.

जावं का, असं मला दोन-तीन जणींनी विचारलं. जावं. पोस्टपेड नंबर न्यावा, विमा काढावा, परत यायच्या दिवसाआधी एक दिवस मोकळा ठेवावा, आणि हवा बिघडत असेल तर वर जाऊ नये. मी बोर्डला पाय लावला नाही आणि पुढेही लावेनसं वाटत नाही. पण पांढऱ्या उतारावर कोणीच नसताना जी शांतता असते ती मला आवडली, तिच्यासाठी मी पुन्हा जाईन.

विमानतळावरून कांदिवलीला न जाता मी वैशूबरोबर मुलुंडला गेले. आईंनी तिचा हात उलटसुलट करून बघितला, हळद गरम करायला ठेवली, आणि तिला आंघोळीला पाठवलं. बाथरूमचं दार लागल्यावर त्या चहाचा कप माझ्यासमोर ठेवून समोर बसल्या.

"आता त्या दिवसाचा सांग," त्या म्हणाल्या.

"कुठल्या?"

"संदीपच्या. वैशूचा सांगलंस तसा."

वर्षभर त्यांनी मला ते विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. मी कप बाजूला केला. त्या दिवशी सकाळी तो डबा विसरून खाली गेला होता आणि परत वर आला होता, तिथून सुरुवात केली.