वसईकरणींनी पूल ओलांडू नये म्हणून

मी कोल्हापूरची. त्यामुळे फुटबॉल मला कुणी समजावून सांगावा लागला नाही, आणि भांडणही. आमच्याकडे पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीची टीम. मॅच असली की निम्मं गाव स्टेडियममध्ये आणि उरलेलं निम्मं आत शिरायच्या खटपटीत. पण तिथं मी फक्त घसा फोडून ओरडले. चेंडूला स्वतःचा पाय लावला तो बहारीनमध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, बुसैतीनच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, आणि तो चेंडू थेट नवऱ्याच्या हातातल्या चहाच्या कपावर जाऊन आदळला. कप फुटला. मला इतका आनंद झाला की मी त्याच आठवड्यात बूट घेतले.

आमची लीग बायकांची, शनिवार सकाळची, ऊन चढायच्या आत आटपणारी. भाड्याचं टर्फ, सात-सात जणी आणि चार टीम. बुदैयाच्या बायका मोठमोठ्या गाड्यांतून यायच्या आणि तरी उशिरा यायच्या. अमवाजवाल्यांचे कपडे, मोजे आणि पाण्याच्या बाटल्या सगळ्या एका रंगाच्या. आम्ही बुसैतीनवाल्या म्हणजे बँकेत नाहीतर ऑडिटमध्ये दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या. धापा टाकण्यात आमचा हात कुणी धरू शकत नव्हतं. चौथी टीम वसईची. त्या बेटभर विखुरलेल्या, कुणी हॉस्पिटलात, कुणी हॉटेलात, पण माहेर सगळ्यांचं वसई. आणि त्या जिंकायच्या. समोर कोणीही असो, त्याच जिंकायच्या. आम्ही त्यांना कधी साधा एक गोलसुद्धा मारला नव्हता.

त्यांची कप्तान एका हॉस्पिटलात हेड नर्स. उंच, आवाज मऊ, आणि पायात काय होतं देव जाणे. लीग सुरू झाली तेव्हा तिनंच एक नियम घातला होता: जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना न्याहारी द्यायची. "हरलेल्या बाईला उपाशी घरी पाठवलं तर ती पुढच्या शनिवारी येत नाय गो," असं तिचं म्हणणं. आमच्यापैकी कुणी जिंकलंच तर समोरच्या टपरीवरचा करक, म्हणजे वेलची घातलेला कडक चहा आणि अंड्याचं सँडविच यायचं. वसईकरणी मात्र जिंकायच्या आधीच घरून डबे घेऊन यायच्या. गरमागरम, गोल, टम्म फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, त्यांच्या घरच्या बाटली मसाल्यातलं मटण, आणि आमच्यातल्या शाकाहारी बायकांसाठी वाटाण्याची उसळ. वसईशी मॅच असली की आम्ही आदल्या दिवसापासून पोटात जागा ठेवायचो. मार खायचो, मग फुगे खायचो. आठवडाभर ऑफिसात आकड्यांशी झुंजल्यावर त्या टर्फवर घामेजून बसणं आणि बोटं चाटणं, याच्याइतकं सुख मला या बेटावर दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगते.

नवरा माझा पुण्याचा, म्हणजे मत तयार. तो इंग्लंडच्या एका मोठ्या क्लबचा भक्त, आणि जेवताना त्याला युरोप लागतो. एके दिवशी वरणभातावर त्यानं विषय काढला तो सीमापार लीगचा. त्याचं म्हणणं असं: लहान देशातले मोठे क्लब आपल्याच लीगमध्ये कुजतात. स्कॉटलंडचं बघ, एकाच शहरातले दोन क्लब आलटून पालटून कप नेतात. हॉलंड आणि बेल्जियमनं मिळून एक लीग करावी म्हणून किती दिवस चर्चा चाललीय. जाऊ द्या की त्यांना सीमेपलीकडे, बरोबरीच्या लोकांत. हरतील, पण खेळतील तरी.

"आणि मागे राहिलेले?" मी विचारलं.

"मग त्यांच्यातलंही कुणीतरी जिंकेल. चांगलंच आहे की."

"कुणाला हरवून? ज्याला हरवायचं तोच गेला तर कप घेऊन काय करायचं, त्यात भाजी निवडायची?"

मी त्याला सांगितलं की मोठा क्लब गावात येतो त्या दिवशीच लहान क्लबचं मैदान भरतं, पोरंसोरं बापाच्या खांद्यावर बसून येतात. आमच्या पेठेच्या टीमनं समोरच्या पेठेला सोडून उद्या गोव्यात खेळायचं ठरवलं, तर समोरच्या पेठेनं शिव्या द्यायच्या कुणाला? नवरा म्हणाला, हा भावनिक मुद्दा झाला. मी म्हटलं, भावना नसती तर बावीस माणसं एका चेंडूमागे कशाला धावली असती? आमची मुलगी शाळेच्या टीममध्ये खेळते. तिनं कानातलं इअरफोनचं एक बोंडूक काढलं, "मम्मा, इट्स जस्ट फुटबॉल," म्हणाली आणि ते परत कानात घातलं. माझा भात गार झाला.

पुढच्याच शनिवारी बातमी आली. समुद्रावरच्या लांब पुलापलीकडे, सौदीत, खोबरला बायकांची एक लीग होती. तिथं काळ्या कपड्यातला खरा रेफ्री, खरी जाळी, फ्लडलाइट, आणि देशोदेशीच्या टीम. त्यांनी वसईकरणींना बोलावलं होतं. वसईकरणी गेल्या तर त्यांचे शनिवार तिकडेच जाणार होते.

मला धक्काच बसला. राग आला, आणि रागापाठोपाठ चक्क रडू आलं. वसईशिवाय शनिवार म्हणजे बुदैयाची वाट बघायची आणि अमवाजच्या बाटल्या बघायच्या. घरी सांगितलं तर नवऱ्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की मी त्याच्या पानातली पोळी परत डब्यात ठेवली.

लीगची बैठक अमवाजला भरली, कारण सोसायटीचा हॉल फक्त त्यांच्याकडे होता. नवरा गाडी चालवायला म्हणून आला आणि पहिल्या रांगेत बसला. बुदैयाची कप्तान म्हणाली, जाऊ दे त्यांना, मग आम्हाला तरी कप मिळेल. अमवाजची म्हणाली, एक पाय इथं आणि एक तिथं ठेवता येईल का ते बघू. नवऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो स्कॉटलंडपासून सुरू झाला आणि बेल्जियमपर्यंत पोचला. मग मी उठले. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण त्यात इमान होतं, लहान गावांची मैदानं होती, कोल्हापूर तर होतंच, आणि शेवटी मी टेबलावर हात आपटला तेव्हा अमवाजची एक बाटली खाली पडली. टाळ्या वाजल्या. मी घाम पुसत बसले.

वसईची कप्तान उठून उभी राहिली. ती शिफ्टवरून तशीच आली होती, डोळ्यांखाली काळं.

"झालं तुमचं सगळ्यांचं?" ती म्हणाली. "अगो, मला फुगे तळायचा कंटाळा आलाय."

तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला जायचं, घरी येऊन पीठ भिजवायचं, शनिवारी अंधारात उठून तळत बसायचं. मग तुम्हाला हरवायचं, मग वाढायचं. खोबरला न्याहारीचा नियम नाय. हरलं की घरी, जिंकलं की घरी. एवढ्या वर्षांत शनिवारी सकाळी मला कुणी आयता घास दिलेला नाय."

आधी कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळा हॉल फुटला. नवरा तेवढा हसला नाही. त्याचा अख्खा युरोप एका कढईत बुडाला होता. अमवाजच्या कप्ताननं डोळे पुसत सुचवलं की आपण केटरर लावू, नाहीतर हरणाऱ्यांनी करून आणावं. त्यावर वसईची कप्तान ताठ झाली. नियम नियम आहे, म्हणाली. हरलेल्या बायकांच्या हातचं आम्ही खाणार नाही, दया आल्यासारखं वाटतं.

दया हा शब्द ऐकला आणि माझं कोल्हापूर उसळलं.

"दया कोण करतंय? या शनिवारी आमची मॅच आहे. आम्ही तुम्हाला हरवणार आणि पोटभर खायला घालणार!"

आमच्याच टीममधल्या दोघींनी मला खाली ओढायचा प्रयत्न केला. पण कप्तान माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "हरवा. हरवलंत तर आम्ही कुठं जात नाय."

त्यानंतरचा आठवडा मी जमिनीवर नव्हतेच. ऑफिसात व्हाउचर तपासताना टेबलाखाली पाय चालायचा. नवऱ्याचं एकदम मतपरिवर्तन झालं, रोज संध्याकाळी तो टेबलावर लिंबं मांडून आमची व्यूहरचना करायचा आणि मुलगी ती लिंबं हलवून म्हणायची, "बाबा, धिस इज होपलेस." पण मला शिकवलं तिनंच. बुसैतीनच्या किनाऱ्यावर ती चेंडू ठेवायची आणि मी बुटाच्या टोकानं ढोसायचे, कारण दुसरं काही मला येत नव्हतं. शेजारचे म्हातारे बहारीनी काका गळ टाकून बसलेले असायचे. माझा चेंडू पाण्यात गेला की "यल्ला, यल्ला!" करत तेच पहिले उठायचे आणि काठीनं काढून द्यायचे.

आणि मी मटकी भिजत घातली. मॅच शनिवारी, मटकीला मोड हवेत, म्हणजे जिंकायच्या आधीच जिंकल्यासारखं वागणं भाग होतं. नवरा म्हणाला, "हरलात तर?" मी म्हटलं, "मोड आलेली मटकी मागे फिरत नाही." दोन्ही टीमना पुरून उरेल एवढी मिसळ केली. गावाकडून आलेला कांदा-लसूण मसाला सढळ हातानं घातला, कटावर लाल तर्री आली, कोपऱ्यावरच्या बेकरीतून पावाऐवजी गरम खुबूस घेतले, आणि पातेली डिकीत ठेवून मी देवाला सांगितलं की आता तुझी अब्रू तू बघ.

मॅच सुरू झाली आणि पहिल्या काही मिनिटांतच चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून माझ्यासमोर आला. मी ढोसला. तो वसईच्या गोलकीपरच्या पायांमधून आत गेला.

गोल! वसईवर गोल! मी दोन्ही हात पसरून पळत सुटले, टर्फच्या फाटकातून बाहेर, पार्किंगमध्ये, गाड्यांमधून, आणि माझ्यामागे आमची अख्खी टीम किंचाळत, गोलकीपरसकट. "मम्मा, कम बॅक!" मुलगी ओरडत होती. नवरा एका अनोळखी माणसाला मिठी मारून उभा होता. आम्ही परत आलो तेव्हा वसईकरणी कमरेवर हात ठेवून, हसत, आमची वाट बघत उभ्या होत्या. मी इतकी खूश आयुष्यात कधी झाले नव्हते, लग्नातसुद्धा नाही. नाद खुळा.

मग त्यांनी आम्हाला धुतलं. एक गोल, मग दुसरा, मग चौथा. आम्ही पळायचो तेवढं पळालो, पण श्वासच संपला. शिट्टी वाजली आणि मी गोलपोस्टला टेकून मटकन बसले. गेल्या, मला वाटलं, आता या पुलापलीकडे गेल्या. आणि डिकीत ती मूर्ख मिसळ.

कप्तान माझ्याजवळ येऊन बसली. भूक तर लागली होतीच, म्हणून मीच विचारलं, "डबे कुठायत?"

"आणलेच नाय."

"म्हणजे? जिंकलात की तुम्ही!"

तिनं बुटाची नाडी उगीच सोडली आणि परत बांधली. "मला वाटलं आज तुम्ही जिंकणार. पीठच नाय भिजवलं गो. तू त्या हॉलमध्ये अशी बोललीस, मी खरंच धरून चालले."

माझ्यावर आमच्या टीमनं कधी एवढा विश्वास टाकला नव्हता. मी उठले, नवऱ्याला हाक मारली आणि आम्ही दोघांनी पातेली आणून टर्फच्या कडेला ठेवली. झाकण काढलं तसा वास सगळीकडे पसरला. बुदैयाच्या बायका पुढची मॅच विसरून जवळ आल्या.

कप्ताननं वाकून पातेल्यात बघितलं. "हरलेल्यांच्या हातचं खाणार नाय असं मी म्हणाले होते."

"आणि जिंकलेल्या रिकाम्या हातानं येणार असं कुठं म्हणाला होतात?" मी तिच्या हातात प्लेट दिली. "बसा गप."

ती बसली. मी वाढलं, वर फरसाण, कांदा, लिंबू. तिनं खुबूस मोडून कटात बुडवला आणि पहिला घास घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, बोलता येईना. पण प्लेट काही खाली ठेवली नाही. तिच्या टीमच्या बायका एकेक करून तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि मी त्यांनाही वाढलं. कुणी त्यांना पाणी आणून देत होतं, कुणी लिंबू पिळून देत होतं, आणि त्यांना हात हलवायची गरज नव्हती. त्या जेवत होत्या आणि आम्ही हरलेल्या त्यांच्याभोवती पळत होतो, मॅचमध्ये पळालो नव्हतो तेवढं.

नवऱ्याला राहवेना. "मग खोबरच्या लीगचं काय ठरलं?"

"खलास," ती भरल्या तोंडानं म्हणाली आणि हातानं पुलाच्या दिशेला वारा घातल्यासारखं केलं. मग नाक पुसून तिनं रिकामी प्लेट माझ्यासमोर धरली.

"वाढ अजून. आणि पुढच्या वेळी तिखट जरा कमी घाल गो."