वहीत लाल लिवलं

दम्याचा पंप कोनाड्यात नव्हता. हात फिरवला, डबे पाडले, नाई. चुलीवर धान उकडाले मांडलेलं, खाली तूस जळून राह्यलं होतं, अन् तोच धूर माह्या छातीत जाऊन सांस अडकली. पोरगी कडेवर होती, तिले कशीबशी खाली ठेवली. समोरच्या खोलीत नणदेले पाहाले भरवेलीचे पाव्हणे बसलेले, पोरगा खाणीत पक्क्या नोकरीवर. सासू चहा घेऊन चालली होती. मी तिचा पदर धरला. आवाज निघेना, हातानंच विचारलं, पंप?

ती कानाशी आली. "पाव्हणे जाऊ दे. तोवर मांगं बस, खोकू नोको."

तिनंच लपवला होता. दम्याचं घर म्हणून नणदेचं जमणार नाई, याचं तिले भेव. मी गोठ्याच्या भिंतीले टेकून बसली. शेजारच्या काकूनं माहे ओठ निळे पाह्यले अन् सरळ पाव्हण्यांमधून घरात घुसली. तेव्हा कुठं तांदळाच्या कोठीतून पंप निघाला. पाव्हणे "नंतर कळवतो" म्हणून उठले.

पंप देल्ला होता नागपूरच्या एका डॉक्टरीनबाईनं, अलर्जीवाल्या. दमा शहरातबी अन् खेड्यातबी, मंग आमच्याकडच्या बाईलेच जास्त काहून छळते, हे त्या शोधून राह्यल्या होत्या. रामपायलीकडल्या आमच्या गावात दमेकरी बायांले त्यांनी एकेक सांस मोजाची, तोंडानं फुकाची नळी अन् वही देल्ली. सकाळ-संध्याकाळ फुकाचं. काटा हिरव्यात गेला का पिवळ्यात का लालात, ते लिवाचं; हिरवा म्हणजे सांस मोकळी, लाल म्हणजे अडकलेली. त्या दिवशी काय काम केलं, तेबी.

मी पाचवी शिकलेली. मले वाटे हा पेपरच आहे, हिरवं म्हणजे पास. साऱ्याच बाया हिरवं लिवत. धान उकडाच्या दिवशीबी हिरवंच.

पाव्हणे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरीनबाई अंगणवाडीत वह्या पाहाले आल्या. सासूनं घरूनच बजावलं होतं, पाव्हणे आले त्या दिवसाचंबी हिरवं लिव, भरवेलीवाल्यायचं उत्तर अजून याचं आहे. अन् स्वतः माह्या बाजूले येऊन बसली. बाईंनी वह्या चाळल्या. म्हणाल्या, सगळ्या ठणठणीत असाल तर इथं औषधाची गरज नाही, असंच मला वर लिहावं लागेल. मंग माह्याकडं वळल्या.

"तू तर बोलताना मधेच थांबतेस. खरंच हिरवं?"

सासूनं मांडीले चिमटा काढला. भेव लागलं नव्हतं, असं खोटं कायले सांगू? तरी पेन घेतला अन् त्या दिवसाच्या कोऱ्या जागी लिवलं, लाल. धान उकडलं. घरच्यायनं पंप लपवला. बाई म्हणाल्या, वाच. मी साऱ्यायसमोर वाचलं. जराशानं मांगची एक म्हणे, माहाबी लालच होता. दुसरीनं पेन मागतला.

वाटेनं सासू म्हणे, "नाक कापलं तू माह्यं."

"कापलं तं कापलं, आत्याबाई. आता धान तुम्ही उकडा."

भरवेलीवाल्यायनं नाई म्हटलं. नणद अजूनबी माह्याशी बोलत नाई. नवरा म्हणते, घरातलं घरातच ठेवाचं होतं, माफी माग. हौ, तिचं मोडलं, त्याचं वाईट मलेबी वाटते. पण माफी मी मागत नाई, अन् धुरातबी जात नाई. माह्या जागी तुम्ही असते, तं काय लिवलं असतं?